सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. पोळ्यानंतरची गोष्ट. वर्गातला एक मुलगा दोन दिवस खिचडीची ताटली पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी गाल सुजून आला. मोबाइलच्या उजेडात तोंड पाहिलं, तर खालच्या डाव्या अंगाला सगळ्यात मागच्या दाढेत मोठं भोक आणि त्यात तंबाखूची चिमूट दाबून बसवलेली. ठणका थांबावा म्हणून आजीने ती भरली होती. आईला बोलावलं, तर ती म्हणाली, "दूधना दात शे बाई, पडी जाई." मीही मान डोलावली. पंधरा दिवसांनी ती दाढ काढावी लागली, तेव्हा तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांकडून कळलं की ती दुधाची नव्हतीच. कायमची होती. आता तिथे दुसरी येणार नाही.

संपादक महोदय, बावीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे आणि ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. काहीच पडलं नाही म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्यावर खोल खाचा असतात, अन्न तिथेच अडकतं आणि ती पुरती वर येईपर्यंत ब्रशही तिथवर नीट पोचत नाही.

तेव्हापासून मी याविषयी मिळेल ते वाचते आणि वर्गात सांगते. नेदरलँड्समधल्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून स्वतः बनवलेल्या भिंगाखाली पाहिला, तर त्यात जीव वळवळत होते. हे सांगितलं तशी पहिल्या बाकावरची मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, ते चावतात का?" चावत नाहीत, ते साखर खाऊन आम्ल सोडतात. दुसऱ्या दिवशी अंड्याचं टरफल लिंबाच्या रसात टाकून दाखवलं. टरफलावर बुडबुडे आले आणि मुलांचे हात आपोआप तोंडावर गेले.

गोड खाल्लं की काही मिनिटांत दातांवरच्या थरात हे आम्ल वाढतं आणि लाळेने ते निवळायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व. शाळेच्या फाटकासमोर एक-एक रुपयाची गोळी दिवसातून चार वेळा चघळणाऱ्या पोराच्या दातांना उसंतच मिळत नाही. आमच्याकडे कपाशी वेचायला आईबाप भल्या पहाटे शेतात जातात, पोरांचा नाश्ता म्हणजे चहा-बटर. त्यांना मी दोष देत नाही. पण रात्री जेवून तसंच झोपायचं ही सवय मात्र मोडता येईल. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं दात घासणं सकाळच्यापेक्षा मोलाचं.

तोंडातल्या जिवाणूंवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात, त्या मी कापून ठेवते. किडीवरची लस शोधायचे प्रयत्न कित्येक दशकं चालू आहेत, ती अजून आमच्यापर्यंत आलेली नाही. पण जे आधीच सिद्ध झालं आहे तेही आमच्या गावात पोचलेलं नाही, याचं मला दुःख आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम दात घासणं बंद केलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. तिथे औषध लागलं नाही, ब्रश पुरला.

आमच्या वर्गात आता खिडकीपाशी पुठ्ठ्याला भोकं पाडून ब्रश उभे ठेवले आहेत, प्रत्येकावर नावाची पट्टी. दुपारच्या खिचडीनंतर हौदापाशी रांग लागते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची, दोन मिनिटं घासायचं, थुंकायचं आणि मग खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. पहिला महिना निम्मी पेस्ट पोटात गेली. आता तसं होत नाही. तीन मुली घरी आजीसोबत मशेरी लावायच्या, त्यांनी ती सोडली. तंबाखू असलेल्या दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

त्या मुलाची आई परवा धाकट्या मुलीला घेऊन आली. "हिना बी दात देखी ल्या," म्हणाली. पोरगी साडेसहा वर्षांची. मागे दोन्हीकडे दाढ नुकतीच वर आलेली, पांढरीशुभ्र, खाचा अगदी स्पष्ट.

अशा दाढेच्या खाचा बुजवणारा लेप असतो. तो लावताना दुखत नाही, दात कोरावा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, दात पाहतं. त्या तपासणीत सहाव्या वर्षीच्या दाढेची वेगळी नोंद व्हावी आणि ज्यांना गरज आहे त्यांना हा लेप सरकारी दवाखान्यात मिळावा, अशी माझी जिल्हा परिषदेला आपल्यामार्फत विनंती आहे. आणि पहिलीच्या प्रवेशाआधी शाळापूर्व तयारीचा जो मेळावा होतो, त्यात रंग आणि आकार ओळखण्याच्या टेबलांशेजारी एक आरसा ठेवावा. मूल तेव्हा सहा वर्षांच्या आसपास असतं. आईला तिच्याच लेकराच्या तोंडातली ती दाढ बोटाने दाखवायला एक मिनिट लागतं. आमच्या शाळेत यंदा तो आरसा मी स्वतः ठेवणार आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. अमळनेर, जि. जळगाव