फायरफायटरची नोकरी आणि तंबाखूची अट

बॉस्टन,
१२ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या भाच्याकडून इथलं फायर डिपार्टमेंट ‘घरीसुद्धा सिगारेट ओढणार नाही’ असं लिहून मागतंय, आणि हे कायद्यात बसतं तरी कसं, असं तू विचारलंस. बसतं. पण प्रत्येक राज्यात अटीचे शब्द वेगळे आहेत आणि नोकरी त्या शब्दांवरच जाते. त्याने मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडा अशा दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ही अट संस्कारांची नाही, पैशांची आहे. मॅसॅच्युसेट्सचा कायदा असं धरूनच चालतो की फायरफायटरला हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास झाला, तर तो नोकरीमुळे झाला. भरतीच्या तपासणीत तो आजार दिसलेला नसावा, एवढीच अट. मग तो नोकरीमुळे झालेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नगरपालिकेवर येते, आणि ते जमलं नाही तर अपंगत्वाचं पेन्शन तिच्या गळ्यात. फुप्फुसांचे आजार आणि काही कॅन्सर यांनाही असंच संरक्षण आहे. आता माणूस वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेटी ओढत असेल, तर दोष आगीच्या धुराचा की सिगारेटच्या, हे ठरवणार कोण? म्हणून राज्याने दारातच पाटी लावली : १ जानेवारी १९८८ नंतर जो धूम्रपान करतो त्याला नेमायचं नाही, आणि नेमल्यावर ओढली तर त्याला ठेवायचं नाही. हाच नियम पोलिसांनाही आहे.

व्हर्जिनियाचा कायदा वाचलास तर हे आणखी उघड दिसतं. कामाबाहेर तंबाखू सोडायची सक्ती सरकारी नोकरावर करता येणार नाही, असं तो एका वाक्यात सांगतो आणि त्याच वाक्याच्या शेपटीला अपवाद जोडतो : ज्यांचा आजार नोकरीमुळेच झाला असं कायदा धरून चालतो, ते वर्ग सोडून.

कोर्टांनीही हे उचलून धरलंय. ओक्लाहोमा सिटीत एका शिकाऊ फायरफायटरने वर्षभर न ओढण्याचं लिहून दिलं होतं. बिनपगारी जेवणाच्या सुट्टीत त्याने तीन झुरके मारले आणि त्याच दिवशी त्याला काढलं. १९८७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते कायम केलं. आगीत धूर श्वासात जाणाऱ्या माणसाची फुप्फुसं आणि हृदय ठणठणीत असावं, एवढं कारण पुरेसं आहे, असा त्याचा मथितार्थ. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ गावच्या, ओढल्यामुळे काढलेल्या एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात ‘निलंबनावर भागवा’ असं नागरी सेवा आयोगाने म्हटलं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तेही नाकारलं. कायद्याने दुसरी शिक्षा ठेवलेलीच नाही. तेव्हा ‘पहिल्यांदा समज देतील’ या भरवशावर पोराने राहू नये.

‘जुन्यांना सूट आणि नव्यांनाच का?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. नोकरीत असलेल्यांच्या अटी बदलायच्या तर युनियनशी वाटाघाटी कराव्या लागतात. अजून नोकरीत न आलेल्याची बाजू घ्यायला कुणी नसतं, त्यामुळे भरतीच्या कागदावर अट घालणं सगळ्यात सोपं. मला यात थोडा अन्याय वाटतो, पण कारण कळतं.

आता शब्दांकडे वळू. मॅसॅच्युसेट्सचा कायदा ‘धूम्रपान’ म्हणतो. चघळायच्या तंबाखूचं त्यात नाव नाही. फ्लोरिडाची अट वेगळी : फायरफायटरच्या सर्टिफिकेटसाठी अर्जाच्या आधी किमान एक वर्ष तंबाखू किंवा तंबाखूचा कुठलाही पदार्थ वापरलेला नसावा, आणि ते शपथपत्रावर लिहून द्यायचं. यात मिश्री आली, तपकीर आली, मावा आला, जर्दा घातलेलं पान आलं. सांगलीहून आत्याने प्रेमाने दिलेली मिश्रीची पुडीसुद्धा. वर्ष अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात, तेव्हा शेवटची तारीख त्याने आजच वहीत लिहून ठेवावी.

मॅसॅच्युसेट्सची फट कायद्यात आहे, शरीरात नाही. अमेरिकेतल्या पाहण्यांत हे दिसलंय की फायरफायटरांमध्ये सिगारेट कमी आणि ओठामागे ठेवायची तंबाखू जास्त. काहीजण तर नोकरीत आल्यावर ती सुरू करतात. आपल्याला यात नवल नाही. महाराष्ट्रातही ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त आहेत.

तंबाखूची चाचणी लघवीची किंवा लाळेची असते आणि ती तंबाखू शोधत नाही, कोटिनिन शोधते. निकोटिन शरीरात मोडलं की हा पदार्थ तयार होतो. साधारण १६ ते २० तासांत तो निम्मा होतो, म्हणून अधूनमधून ओढणाऱ्याचा तीन-चार दिवसांत उतरतो, रोजच्या माणसाला आठवडा-दहा दिवसही लागतात. व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट), निकोटिनचे पाऊच, कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच, निकोटिनचं च्युइंगगम, सगळ्यांनी चाचणी पॉझिटिव्ह येते. सोडण्यासाठी पॅच लावलेला उमेदवार इथेच अडकतो. उपाय असा : पॅचची पावती किंवा डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवायची, चाचणीआधी लेखी कळवायचं आणि ॲनाबेसिनची चाचणी मागायची. ॲनाबेसिन तंबाखूत असतं, पॅचमध्ये नसतं.

सोडायची रीत तुला फोनवर सांगितली होती, पण पोरासाठी पुन्हा लिहितो. दिवसाला दहाच्या वर ओढत असेल तर २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन. दहा किंवा त्याहून कमी असतील तर थेट १४ पासून. गम घेणार असेल तर झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची, नाहीतर २ ची. ती पानासारखी चघळत बसायची नाही, इथेच बहुतेकांचं बिनसतं. रस गिळला जातो, उचकी लागते, मळमळतं आणि ‘मला हे झेपत नाही’ म्हणून माणूस परत सिगारेटकडे वळतो. चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चावायची. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा लिंबू सरबत नको, आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात.

शारीरिक चाचणीचाही विचार कर. अनेक डिपार्टमेंट वापरतात ती परीक्षा आठ टप्प्यांची, १० मिनिटं २० सेकंदांची, अंगावर ५० पौंडांचं जाकीट. सुरुवातीलाच आणखी २५ पौंड खांद्यावर घेऊन तीन मिनिटं जिना चढायचा, मिनिटाला ६० पायऱ्या. ओढणाऱ्याच्या रक्तातला काही हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने आधीच अडवलेला असतो, तो ऑक्सिजन वाहायला मोकळा नसतो. आगीत तोच वायू पुन्हा मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचं : खोटं शपथपत्र नको. पोराने गेल्या वर्षभरात तंबाखू वापरली असेल तर वर्ष पूर्ण होईपर्यंत फ्लोरिडाचा अर्ज पुढे ढकलावा. आणि फ्लोरिडात २०१९ पासून कॅन्सर झालेल्या फायरफायटरला एकरकमी २५,००० डॉलर मिळतात, पण त्यासाठी आधीची पाच वर्षं तंबाखू वापरलेली नसावी लागते. भरतीनंतर हळूच सुरू करणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

फॉर्मच्या त्या पानाचा फोटो काढून पाठवायला सांग, ‘ओढणे’ लिहिलंय की ‘वापरणे’ ते बघून लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन