पॉलिसी बंद करू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही आरोग्य विम्याची पॉलिसी बंद करायचं म्हणताय. फोनवर हा विषय काढला की तुम्ही आईच्या हातात फोन देता, म्हणून लिहितेय. "हप्ता भरून मरायचं काय? सरकार कशाला आहे मग?" असं तुम्ही परवा म्हणालात. कुठलं सरकार, बाबा?

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं मोफत उपचारांची फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा बेळगावजवळच्या आपल्या येळ्ळूरच्या कट्ट्यावर तुमची मान किती ताठ झाली होती! कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी आक्षेप घेतला तसा तुमचा आनंद दुप्पट झाला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अशी योजना यादीतल्याच दवाखान्यात, यादीतल्याच उपचारांना चालते. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर शेजारी तुम्हाला बेळगावातच नेणार. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर लांब. बेळगावात कर्नाटक सरकारची 'आरोग्य कर्नाटक' योजना आहे, पण पाच लाखांचं संरक्षण बीपीएलवाल्यांना, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना. आपलं कार्ड एपीएल, रेषेच्या वरचं. आपल्याला पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरवून दिलेल्या खर्चाच्या, तीस टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले सत्तर टक्के कुठून आणायचे?

सत्तरीपुढच्यांसाठी केंद्रानं २०२४ मध्ये आणलेल्या आयुष्मान कार्डाची चौकशी जरूर करा. पण त्याच्या भरवशावर हातातली पॉलिसी सोडू नका.

हप्ता वाढलाय, तुमचा राग बरोबर आहे. पण थोडं तुमच्या बाजूनंही घडलंय. गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून विम्यावरचा जीएसटी काढायला सांगितला, ते तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं. तो अठरा टक्के कर वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आधी विमा नियामकाला विचारावं लागतं.

खरी गोम वेगळीच आहे. पॉलिसी एकदा तुटली की तुमची शुगर आणि आईचं बीपी नव्या कंपनीच्या लेखी 'आधीचे आजार' होतात आणि त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात. जुन्या पॉलिसीत ती मुदत कधीच सरलीय. शिवाय सलग पाच वर्षं झाली की, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. हप्त्याचे पैसे पोस्टात टाकलेत तर व्याज मिळेल, हे संरक्षण नाही मिळणार.

सरकारी दवाखान्यांच्या आवारातली जनऔषधी केंद्रं बंद करायचा आदेश कर्नाटक सरकारनं २०२५ मध्ये काढला, त्यावरून तुम्ही आणि काका भांडलात म्हणे. सरकारी दवाखान्यात औषध फुकटच मिळायला हवं, तिथं दुकान कशाला, हे राज्याचं म्हणणं मला तत्त्वतः पटतं. पण आतल्या खिडकीवर गोळी नसेल तर माणसानं जायचं कुठं? उच्च न्यायालयानं आदेशाला स्थगिती दिली ते बरंच झालं. आई, तुला यात कोण जिंकलं याच्याशी काय करायचंय, म्हणा!

तर या वर्षीपासून हप्ता मी भरते. बाबा, यावर वाद नको. मुदत उलटल्यावर तीस दिवसांची सवलत असते, पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना त्या दिवसांत विम्याचं संरक्षण नसतं. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आजच पाठवा. आणि आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीवर ढकलू नकोस. त्या पॉलिसीत तेही बसतं.

तुमची लेक