बाबांच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, टाके कोरडे आहेत, तेव्हा काळजी मिटली, असे तुम्ही फोनवर म्हणालात. परंतु अपेंडिक्स फुटलेले होते, त्यामुळे वरच्या टाक्यांवरून आतले काही कळत नाही. अपेंडिक्स फुटले की आतड्यातले जंतू पोटात पसरतात, आणि सर्जनने पू शोषून काढला तरी आतड्यांच्या वळणांत किंवा ओटीपोटात थोडासा उरला, तर त्याचे गळू व्हायला काही दिवस लागतात. ते बहुधा रुग्ण घरी आल्यानंतरच लक्षात येते. म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला, थंडी वाजली, पोट फुगले किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवावे. गळू ओटीपोटात असेल तर वारंवार शौचाला होते आणि आव पडते. आई, ते पोट बिघडल्याचे समजून तू घरीच ताक-भातावर दिवस काढू नकोस. या वयात आणि मधुमेहात ताप कधी कधी येतच नाही, तेव्हा बाबांना नुसती ग्लानी आली तरी फोन करावा.

साखर वाढलेली राहिली की जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद कमी होते, म्हणून ती रोज तपासून वहीत लिहा आणि १८० च्या वर राहू लागली तर डॉक्टरांना कळवा. अँटिबायोटिक सांगितले तेवढे दिवस पूर्ण घ्या, पण शेजारच्या काकांच्या सल्ल्याने आणखी एक स्ट्रिप आणू नका: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांच्या अभ्यासात, पोटातल्या संसर्गाचे मूळ नीट काढल्यावर सुमारे ४ दिवसांचा कोर्स आणि सुमारे ८ दिवसांचा कोर्स यांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकमुळे तोंडाला धातूसारखी चव येते, त्यासाठी गोळी सोडू नये.

आई, जखमेला हळद लावायची नाही. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, एवढे पुरे. पोट दुखते म्हणून बाबा श्वास वरवर घेतात आणि कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. श्वासाच्या व्यायामाचा तो तीन चेंडूंचा स्पायरोमीटर फुंकायचा नसतो, त्यातून श्वास आत ओढायचा असतो. बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही उलटे करत होतात!

पुढच्या तपासणीला साखरेची वही आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.

तुमची लेक