धूरफवारणीला एन-95 चालत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ ‘आमच्या गल्लीत धूर सोडा’ ही मागणी. धूर सुटतो, मागे पोरे धावतात, फोटो निघतात. यंत्र खांद्याला अडकवून हिंडणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या तोंडाला मात्र रुमाल असतो, फार तर करोनाकाळातला एन-95. या कामाला तो मास्क चुकीचा आहे. फवारणीचा धूर म्हणजे डिझेल किंवा केरोसीनमध्ये मिसळलेल्या कीटकनाशकाचे सूक्ष्म थेंब. एन वर्गातले मास्क तेलकट थेंबांसाठी बनवलेलेच नसतात. तेलाने तंतूंवरचा विद्युतभार जातो आणि गाळण्याची क्षमता घसरते. केरोसीनची वाफ तर ते अजिबात अडवत नाहीत. इथे लागतो नाक-तोंड झाकणारा रबरी रेस्पिरेटर, त्याला सेंद्रिय वाफांसाठीचे सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज आणि तेलकट कणांना चालणारा पी-100 वर्गाचा फिल्टर. काम संपल्यावर कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवावे. खुंटीला उघडे टांगले तर कोळसा तिथेच वाफा शोषत वाया जातो. मास्क लावूनही वास येऊ लागला तर कार्ट्रिज संपले आहे किंवा मास्क नीट बसलेला नाही. दाढीवर तर तो बसतच नाही.

हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, हवेत. सुती मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, साधे रबरी मोजे डिझेलने फुगतात. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ओघळ बुटात उतरत नाही. यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, तेव्हा कानांनाही संरक्षण हवे. आणि हे कपडे घरी धुवायला नेऊ नयेत.

खरा धोका धूर सोडण्यापेक्षा मिश्रण करताना जास्त, कारण तेव्हा औषध निखळ असते. तांत्रिक (म्हणजे पातळ न केलेले) मॅलाथिऑन 1 लिटरला 19 लिटर डिझेल, किंवा 2 टक्के पायरेथ्रम अर्क 1 लिटरला 19 लिटर केरोसीन, हे नेहमीचे प्रमाण. मिश्रण उघड्या जागी, मोजपात्राने, वाऱ्याकडे पाठ करून करावे. प्रत्यक्षात अंदाजपंचे ओतले जाते. डास मरेनात म्हणून कोणी औषध वाढवतो, तर कोणी औषध वाचवून डिझेल वाढवतो; दुसऱ्या प्रकारात धूर झकास निघतो आणि लोकही खूश होतात. धूर दाट दिसतो तो तेलामुळे, औषधामुळे नव्हे. नळीसमोर जमिनीवर तेलाचे ठिपके पडत असतील तर यंत्र पुरेसे तापलेले नाही किंवा प्रवाह जास्त आहे. असे जड थेंब डासापर्यंत पोहोचत नाहीत. यंत्र थांबवताना आधी औषधाचा कॉक बंद करायचा, मग इंजिन. उलट केले तर तापलेल्या नळीत द्रावण पेटते. गरम यंत्रात पेट्रोल भरणे हेही आगीला निमंत्रण.

वेळही चुकते. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि धूर छपरांवरून निघून जातो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास सकाळी आणि सूर्यास्ताआधी चावतो, म्हणून त्याच वेळा साधाव्यात; वारा ताशी 15 किलोमीटरच्या वर असेल तर काम थांबवावे. हा डास घरातच पलंगाखाली, पडद्यामागे बसतो. त्यामुळे दारे-खिडक्या लावलेल्या घरांच्या रांगेतून रस्त्यावर नुसता धूर सोडण्याचा उपयोग थोडाच. अंडी-अळ्यांवर तर धुराचा काही परिणाम नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासणे, याला पर्याय नाही.

घरात फवारणी असेल तर गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवावी. अन्न-पाणी झाकावे, माशांची टाकी झाकून तिचा हवापंप बंद करावा, माणसांनी आणि जनावरांनी बाहेर पडावे. कामगाराने आतल्या खोलीपासून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत यावे. मग अर्धा तास घर बंद, त्यानंतर अर्धा तास सगळे उघडे. आत गेल्यावर ओटा साबणाच्या पाण्याने पुसावा. दम्याच्या रुग्णांना आदल्या दिवशी कळवले तर ते दूर जाऊ शकतील. शिवाय पायरेथ्रम आणि डेल्टामेथ्रिनसारखी औषधे माशांना जहाल विष आहेत. हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे आणि त्यावरच ही औषधे मारायची, असे होऊ नये.

मॅलाथिऑनची बाधा झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, घाम आणि लाळ सुटते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, डोळे 15 मिनिटे पाण्याने धुवावेत, डब्यावरचे लेबल घेऊन रुग्णालय गाठावे. त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, तिथेच मिळतो. औषध पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, कारण केरोसीन फुफ्फुसात उतरते. पायरेथ्रॉइडने (डेल्टामेथ्रिनच्या जातीच्या औषधाने) चेहऱ्याची नुसती चुणचुण होत असेल तर साबण आणि थंड पाणी. ऊन आणि गरम पाण्याने ती वाढते. एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 यंत्राच्या टाकीवरच रंगवून ठेवावा.

कीटकनाशक नियम, 1971 नुसार फवारणी कामगाराची नेमणुकीआधी आणि पुढे वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. मॅलाथिऑन हाताळणाऱ्यांची रक्तातील कोलिनएस्टरेजची (मॅलाथिऑनच्या बाधेने घटणाऱ्या एन्झाइमची) चाचणी हंगामाआधीच करून ठेवावी. माणसामाणसात हे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काही कळत नाही. तो निम्म्यावर आला तर त्या कामगाराला फवारणीवरून काढावे, रोजंदारी न कापता. 2017 मध्ये यवतमाळला कापसावरच्या फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा संरक्षक साहित्याची चर्चा झाली ती शेतापुरती. महापालिका आणि नगरपालिकांनी पुढच्या निविदेत रेस्पिरेटरचा वर्ग, कार्ट्रिजची संख्या आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च स्पष्ट लिहावा. ‘आवश्यक सुरक्षा साधने’ असे मोघम लिहिले की रुमाल पुरतो.

– एक निवृत्त हिवताप पर्यवेक्षक, नाशिक