हंसाच्या मानेजवळचा एक मंद तारा

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. आता मधेच तोडता यायचं नाही.

आपली गाठ पडली खोडदला, विज्ञान दिनाच्या गर्दीत. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाकडे बघत मी मित्राला विचारत होतो, की सूर्याचंच कृष्णविवर झालं तर आपण आत ओढले जाऊ का? तुम्ही पुढे उभे होतात. मागे वळून म्हणालात, "नाही. वस्तुमान तेवढंच राहिलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरेल. थंडीनं मरू, ते वेगळं." सगळा सूर्य तीन किलोमीटर त्रिज्येत कोंबला तरी आपल्या अंतरावर त्याची ओढ तीच, हे रांग पुढे सरकेपर्यंत तुम्ही मला पटवून दिलंत. आणि मग विचारलंत, "एखादं कृष्णविवर आकाशात नेमकं कुठे आहे, बोट दाखवशील?"

२०१९ साली प्रसिद्ध झालेलं एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र माझ्या मोबाईलवर होतं. त्याचं वस्तुमान साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं, हेही पाठ होतं. पण बोट कुठे दाखवणार?

ते तुम्ही शिकवलंत. सर्वपित्री अमावस्येला घरातून निघताना आईनं जो चेहरा केला तो मी तुम्हाला कधी सांगितला नाही. वेल्ह्याच्या पुढे, दिव्यांपासून दूर तुम्ही तुमची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण उभी केलीत आणि तिला हातही न लावता बाजूला जाऊन बसलात. (जन्मभर वीज मंडळात राहून गावोगाव दिवे पोचवणारा माणूस निवृत्तीनंतर अंधार शोधत हिंडतो, यावर मी मनातल्या मनात खूप हसलो आहे.) "अभिजित, श्रवण हे तारे, मग हंस तारकासमूह. हंसाची मान धर. मानेच्या मध्यावर ईटा नावाचा तारा आहे, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिथून पूर्वेला, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त जाऊ नकोस." बस्स, एवढंच. फोनमधलं ॲप उघडायला बंदी.

किती वेळ गेला कोण जाणे. नकाशातला ताऱ्यांचा त्रिकोण दुर्बिणीत उलटा दिसतो, हे लक्षात आल्यावर सापडला एकदाचा. दृश्यप्रत ८.९, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही चौदा-पंधरा पट मंद. दिसायला अगदी साधा ठिपका. तुम्ही म्हणालात, "हा नाही. ह्याच्या शेजारी."

त्या ठिपक्याचं नाव एचडीई २२६८६८. निळा महाराक्षसी तारा, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे दूर. त्याच्याभोवती बुध-सूर्य अंतरापेक्षाही जवळ सुमारे २१ सूर्यांच्या वस्तुमानाची एक वस्तू आहे, सिग्नस एक्स-१, आणि दोघं दर ५.६ दिवसांनी एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. ताऱ्यावरून निघालेला वायू तिच्याकडे खेचला जातो, आत पडण्याआधी भयंकर तापतो आणि क्ष-किरण फेकतो. आपलं वातावरण क्ष-किरण अडवतं, म्हणून १९६४ साली अग्निबाणावरून उपकरण वर पाठवलं तेव्हा कुठे या जागेचा पत्ता लागला. पुढे १९७१ च्या सुमारास वेबस्टर आणि मर्डिन या खगोलशास्त्रज्ञांनी रॉयल ग्रीनिच वेधशाळेतून, तर बोल्टन यांनी टोरांटोहून, या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकताना मोजल्या. तारा डोलतोय, आणि त्याला डोलवणारं काही दिसत नाही. माझ्या मते कृष्णविवराचा इतका सुंदर पुरावा दुसरा नाही, चित्रं आली तरीही. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानंही याच जागेचे क्ष-किरण टिपलेत, हे सांगताना तुमचा आवाज चढतो, तो मला फार आवडतो.

धनू राशीतल्या ताऱ्यांची किटलीही तुम्हीच दाखवलीत, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत. किटलीची तोटी आणि विंचवाची नांगी यांच्यामध्ये बोट धरून म्हणालात, "आकाशगंगेचं केंद्र. चाळीस लाख सूर्यांचं कृष्णविवर. मधे इतकी धूळ आहे की दुर्बिणीतून काही दिसणार नाही. तरी बघ." मी बघितलं. एस २ नावाचा एक तारा तिथे सोळा वर्षांत एक फेरी मारतो. अशा ताऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवर गेंझेल आणि गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. मान वर करून तिकडे बघत ऐकलं तेव्हा ते खरोखरच तिथे घडतंय असं वाटलं.

आणखी एक आभार राहिलेत. हप्त्यानं महागडी दुर्बीण घेणार होतो, तेव्हा तुम्ही तुमची जुनी १०×५० ची द्विनेत्री हातात ठेवलीत आणि "आधी वर्षभर ही वापर" म्हणालात. ईटा आता तिच्यातून डोळे मिटूनसुद्धा सापडेल. आमच्या सोसायटीतली दोन पोरं सध्या मागे लागली आहेत, "काळं भोक दाखव" म्हणून. त्यांना मी तुमचाच पहिला प्रश्न विचारलाय, आणि उत्तर सांगितलेलं नाही. येत्या अमावस्येला दोघांना घेऊन येतो. तुमची आयपीस माझ्याकडेच राहिली आहे, तीही आणतो. काकूंना सांगा, डबे आमच्याकडून.

तुमचा,
खोडदच्या रांगेतला