ओकलंडहून शेवटचं पत्र

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय दिग्या,

तुझा व्हॉट्सॲप आला होता, ‘तुझी ती हरणारी टीम गेली म्हणं?’ दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून कागद घेऊन बसलो. घटस्थापना झालीय, सुट्टीचा रविवार आहे, घरची मंडळी भोंडल्याला गेलीत. आता वाच निवांत.

गेली रे, आमची बेसबॉलची टीम, ओकलंड ॲथलेटिक्स, गाव सोडून गेली. २६ सप्टेंबर, गुरुवार, दुपारची मॅच, ओकलंडमधली शेवटची. ऑफिसात ‘घरचं काम आहे’ असं सांगून रजा टाकली. खोटं नाही वाटलं ते. बार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभं राहायला जागा नव्हती, सगळा डबा हिरवापिवळा. स्टेशनातून कोलिसियम स्टेडियमकडे जाणारा तो लांबलचक पूल तुला आठवतो का? तू आलास तेव्हा तिथंच कांद्याचा वास घेत थांबलेलास आणि गाडीवरचे दोन हॉटडॉग उभ्याउभ्या संपवलेस. त्या पुलावर त्या दिवशी म्हातारी माणसं कठड्याला हात लावून चालत होती.

तू नेहमी हसतोस, ‘पैसे देऊन हरायला जातोस.’ खरंय. २०२२ साली १०२ हरलो, २०२३ ला ११२, यंदा ९३. (१६२ मॅचेस असतात, विचार कर, रोजचा दाढदुखीचा प्रकार.) पण हे हरणं आपोआप आलेलं नाही. २०२२ च्या हंगामाआधी ओल्सन, चॅपमन, बॅसिट, मनाया, चांगले म्हणून जे होते ते एकेक करून दुसऱ्या संघांना देऊन टाकले. ओल्सननं पुढच्याच वर्षी अटलांटाकडून ५४ होम रन (आपले षटकार समज) मारले. इकडं तिकिटं महाग केली, स्टेडियमची डागडुजी सोडून दिली. मग मालक म्हणायला मोकळे, ‘बघा, गावात कुणी येतच नाही.’ विहिरीवरचा दोर कापायचा आणि पाणी आटलं म्हणून बोंब मारायची, त्यातला प्रकार.

आणि स्टेडियम भिकार होतं, हे मी स्वतः कबूल करतो. १९६६ सालचं काँक्रीट. २०१३ मध्ये ड्रेनेज तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत मैला आला, तेव्हा दोन्ही संघांनी वरच्या मजल्यावर, तिथंच खेळणाऱ्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांच्या न्हाणीघरात एकत्र अंघोळी केल्या. त्यात त्या फुटबॉल संघासाठी नव्वदीत आउटफिल्डच्या मागं जो सिमेंटचा डोंगर उभा केला, त्यानं मागच्या हिरव्या टेकड्याच झाकून टाकल्या. तो संघही २०२० ला लास वेगासला गेला. डोंगर इथंच.

पण दिग्या, मी २००३ ला इथं आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. बुधवारी एक-दोन डॉलरला तिकीट मिळायचं, तेवढं परवडायचं. नियम कळत नव्हते. उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर काही मंडळी ढोल घेऊन बसायची, अख्खी मॅच बडवत. मला आपली मिरवणूक आठवायची, म्हणून तिकडंच बसायला लागलो. वॉक म्हणजे काय, स्क्वीझ म्हणजे काय, सगळं त्या बाकांवर शिकलो, ते पण न विचारता. शेजारचा माणूस सांगून टाकायचा.

त्याच लोकांनी गेल्या वर्षी १३ जूनला उलटा बहिष्कार केला. म्हणजे न येण्याऐवजी सगळ्यांनी यायचं. २७,७५९ माणूस आला, अंगात ‘विका’ असं लिहिलेले हिरवे टी-शर्ट. मालकांना म्हणायचं होतं, आम्ही आहोत, तुम्ही संघ विका नि जा. त्या दिवशी आम्ही टँपाच्या संघाला २-१ हरवलं, सलग सातवी मॅच जिंकली. पाच महिन्यांनी बाकीच्या संघमालकांनी एकमतानं लास वेगासला जायची परवानगी दिली. यंदा पहिल्या मॅचला मग बरेच जण आतच गेले नाहीत, पार्किंगमध्ये चुली पेटवून बसले. मी पण. आत ८-० हरत होतो, बाहेर कोंबडी भाजत होती.

शेवटच्या दिवशी ४६,८८९ लोक. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्टनं पहिला चेंडू टाकला, दोघंही याच गावात वाढलेले. पाहुणा संघ टेक्सास, आणि त्यांच्यात मार्कस सेमियन. हा आपलाच, या खाडीच्या काठचा पोरगा, पूर्वी आमच्याकडून खेळलेला. तो बॅटिंगला आला तेव्हा शेजारची बाई उठून टाळ्या वाजवत होती, मग बाद व्हावा म्हणून ओरडली. दोन्ही मनापासून.

३-२ जिंकलो. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसकडे घरंगळत गेला, उचलला, पहिल्याकडे फेकला. संपलं. कुणी हलेना. मॅनेजर कॉट्से माईक घेऊन आला, आभार मानले, आणि ‘लेट्स गो ओकलंड’चा गजर त्यानंच सुरू केला. ढोल चालूच होते. मैदान राखणारी माणसं लोकांच्या कपात माती भरून देत होती. मीही कोकचा कप पुढं केला. घरी आल्यावर आमच्या पोरानं विचारलं, यात तुळस लावायची का?

आता खरी गंमत ऐक. पुढची काही वर्षं ते सॅक्रमेंटोला, एका छोट्या मैदानावर खेळणार, वेगासचं स्टेडियम होईपर्यंत. आणि नाव काय, तर नुसतं ‘ॲथलेटिक्स’. पुढं गावच नाही! मला एकदम आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं. पाटाकडील तालमीची फुटबॉल टीम उद्या उठून सोलापूरला गेली, असं कुणी बोललं तरी आपल्याकडं दगडफेक होईल. कारण तालीम कुणाच्या बापाची नाही. इथं कुणाच्या तरी बापाची असते, एवढाच फरक.

पण एक गोष्ट टोचते, ती तुलाच सांगतो. हा संघ मुळात ओकलंडचा नव्हताच. १९०१ ला फिलाडेल्फियात सुरू झाला, १९५५ ला कॅन्सस सिटीला नेला, १९६८ ला इथं आणला. म्हणजे १९६७ ला कॅन्सस सिटीत, ९९ मॅचेस हरल्यावर, कुणीतरी असाच घरी गेला असणार. मी ज्यावर वीस वर्षं माया केली ते त्याच्याकडून उचललेलं होतं, आणि मला कधी त्याची आठवणही झाली नाही. १९७२, ७३, ७४ ची सलग तीन अजिंक्यपदं आम्ही किती मिरवली!

सॅक्रमेंटो आमच्यापासून गाडीनं दोन तास. जायचं की नाही, रोज मत बदलतंय. ही म्हणते, ‘जाणारच आहात, उगीच नाटकं कशाला.’

काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव. आणि शाहू स्टेडियमवर यंदाचा हंगाम कधी सुरू होतोय ते नक्की विचारून ठेव. त्या सुमारास रजा टाकतो. कप तसाच आहे, माती वाळलीय.

तुझा,
मध्या