ठाण्याची पुस्तकं किलोच्या भावाने जाऊ नयेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात नौपाड्यातली आमच्या शेजारची तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली. पन्नास-पन्नास वर्षं तिथे राहिलेली कुटुंबं भाड्याच्या घरात जाणार, त्यामुळे कपाटं-पलंग आधी निघाले. तिसऱ्या दिवशी फाटकाशी रद्दीवाल्याची हातगाडी लागली. सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे, प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर निळ्या शाईने नाव आणि क्रमांक. घरातल्या पुस्तकांची कुणीतरी नीट नोंद ठेवली होती. शेवटचा क्रमांक मी पाहिला तो ६१२ होता. एकेक गठ्ठा काट्यावर चढत होता आणि गाडीत पडत होता.

त्यातली एक वही मी मागून घेतली. दोनशे पानी, कडा कुरतडलेल्या. १९६० साली ठाण्यात साहित्य संमेलन भरलं होतं, त्याची पेन्सिलीने केलेली टिपणं तिच्यात आहेत. अध्यक्ष रा. श्री. जोग यांच्या भाषणाला सात पानं दिली आहेत, आणि शेवटच्या पानावर त्याच अक्षरात वाण्याची यादी: तूरडाळ, गूळ, रॉकेल. हे लिहिणारे काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांना मी बोल लावणार नाही. घर रिकामं करायला हातात जेमतेम आठवडा होता. पुस्तकं कुणी घेईल का म्हणून मी स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन केले. 'जागा नाही' हेच उत्तर मिळालं, आणि त्यांची अडचण खरीच आहे.

पण हे ठाण्यात घडावं याचं फार वाईट वाटतं. ठाणं म्हटलं की लोक १८५३ची पहिली आगगाडी सांगतात, तलाव सांगतात. मला आठवतो तो १ जून १८९३ हा दिवस. ऐन विशीतल्या वि. ल. भावे यांनी मित्रांना सोबत घेऊन त्या दिवशी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी जमवायचं, एवढी मोठी उमेद या गावात तेव्हा होती. पुढे याच भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून मराठी वाङ्मयाचा इतिहास उभा केला. जुन्या कवींचं काव्य छापून लोकांपुढे यावं म्हणून त्यांनी मासिकही चालवलं. ते काव्य आलं कुठून? कुणाच्या ना कुणाच्या घरात पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच ना? भावे १९२६ साली गेले. शंभर वर्षांनी त्यांच्याच गावातल्या घरांमधले कागद गाडीवर चढताना आपण बघत उभे राहतो.

ठाण्यात वाङ्मयाची आवड संस्थांइतकीच घराघरांत टिकली. जनकवी पी. सावळाराम या गावचे नगराध्यक्ष होते. १९६० नंतर १९८८ आणि २०१० सालीही संमेलन इथे भरलं. मासुंदा तलावाकाठच्या रंगायतनाला राम गणेश गडकरींचं नाव आहे. पण त्या खुर्च्यांवर बसून नाटकं बघणारी, घरी येऊन त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालणारी माणसं चरई, नौपाडा, पाचपाखाडीतल्या दोन खोल्यांमध्ये राहत होती. त्यांच्या वह्या, पत्रं, जुने दिवाळी अंक, नाटकांची हँडबिलं यांची दुसरी प्रत कुठेच मिळायची नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. महापालिकेने एखादी बंद पडलेली शाळाखोली यासाठी द्यावी. इमारत रिकामी करायची तारीख ठरली की सोसायटीने फलकावर सूचना लावावी आणि ग्रंथालयांना कळवावं. महाविद्यालयांच्या मराठी विभागातली मुलं दोन दिवस येऊन निवड करतील. हस्तलिखितं, पत्रं आणि दुर्मीळ अंक आधी बाजूला काढावेत. ज्यांच्या प्रती भरपूर आहेत ती पुस्तकं शहापूर-मुरबाडकडच्या शाळांना द्यावीत. विकासकांनी खोकी आणि टेम्पो दिला तर त्यांना तो खर्च जाणवणारसुद्धा नाही. निवड करायला माझ्यासारखे निवृत्त लोक हवे तेवढे मिळतील. मी स्वतः रोज चार तास द्यायला तयार आहे.

ती वही सध्या माझ्या कपाटात आहे. काकांच्या मुलांना निरोप पाठवला आहे. त्यांना हवी असेल तर ती त्यांचीच आहे. आमच्या गल्लीत अजून चार इमारती रिकाम्या व्हायच्या आहेत. पहिली दिवाळीनंतर होईल, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर भिंतभर पुस्तकं आहेत हे मला माहीत आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे